मांत्रिकाचा विंचू उतरतो, मग औषध कशाला?

कोकणात डॉक्टरकी करताना हे मला हमखास विचारलं जातं: "मांत्रिकाकडची माणसंही बरी होतात की! मग तुम्ही सारखं अभ्यास, पुरावा काय लावलंय?"

बरी होतात, हे खरंच आहे. विंचू चावलेल्या बहुतेकांना नुसत्या जीवघेण्या कळा येतात आणि अंगारा लावा न लावा, दिवसभरात त्या ओसरतात. अशा रुग्णांना मी काहीही दिलं तरी गुण माझ्याच औषधाला जाईल. म्हणून नुसत्या स्वतःच्या अनुभवावर मी विसंबत नाही.

खरी भीती उरलेल्यांची, त्यातही लहान मुलांची. लाल विंचवाच्या विषाने पोर घामाने निथळतं, ओकत राहतं, हातपाय गारठतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून हे सगळं टिपलं आणि रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी रूढ केली. तिने असंख्य जीव वाचवले.

पुढे विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे दंशानंतर टोचायचं प्रतिविष, आली. गोळी असताना ती हवीच कशाला? ज्यांनी गोळी रूढ केली, त्या बावस्करांनीच हे तपासलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 70 रुग्णांचे, कोण कुठे जाणार हे नशिबावर सोडून, दोन गट केले. नुसती गोळी मिळालेल्या 35 पैकी 8 जण 10 तासांत बरे झाले. गोळी आणि लस दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32. हा अभ्यास 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं, ही त्यातली उणीव. पण एवढी तफावत तेवढ्याने पुसली जात नाही.

म्हणून तुमचं पोर आणलंत की मी आधी त्याचे तळहात-तळपाय चाचपतो. गरम असतील आणि नुसती कळ असेल, तर दुखणं थांबवायचं इंजेक्शन आणि काही तास नजरेखाली. लस सगळ्यांनाच टोचत नाही. गार असतील, घाम सुटला असेल, तर गोळी लगेच, लसही लगेच. गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून पोराला आडवंच ठेवायचं. रडलं तरी कडेवर घ्यायचं नाही. हातपाय गरम होईपर्यंत दर 3 तासांनी पुन्हा गोळी.

लस जितकी लवकर, तितकी उपयोगी. घाम आणि गार हातपाय दिसले की मांत्रिकाच्या अंगणात थांबू नका, गाडी थेट दवाखान्यात आणा.