एसीटीचा आकडा आल्याशिवाय पंप सुरू होत नाही

मी पर्फ्युजनिस्ट, बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवते. डिचोली, साखळीकडचे ओळखीचे लोक भेटले की हमखास विचारतात, बाय, सगळं रक्त त्या पाइपांतून फिरतं तर गोठत कसं नाही गो?

गोठणारच. प्लास्टिकला लागलं की रक्त गोठायला सुरुवात होते, म्हणून आधी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं, किलोमागे 300 ते 400 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 18 ते 24 हजार. तीनेक मिनिटांनी सॅम्पल घ्यायचं, केओलिनच्या (गोठणं सुरू करणाऱ्या पावडरच्या) ट्यूबमध्ये थोडं रक्त, मशीन ते गरम ठेवून गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतं, हाच एसीटी, ॲक्टिव्हेटेड क्लॉटिंग टाइम. एरवी शंभर-सव्वाशेच्या आत असतो, आम्हाला 480 च्या वर हवा. सर्जन कितीही घाईत असू देत, मी आकडा मोठ्याने सांगितल्याशिवाय पंप सुरू होत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

कधी पूर्ण डोस जाऊनही काटा 350 वरच अडतो. हेपॅरिन एकटं काही करत नाही, त्याला रक्तातलं अँटीथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन लागतं, आणि आधी बरेच दिवस हेपॅरिनवर असलेल्या पेशंटमध्ये तेच कमी झालेलं असतं. मग हेपॅरिन वाढवायचं, नाहीतर अँटीथ्रॉम्बिन किंवा प्लाझ्मा द्यायचा.

उलटंही होतं आणि ते जास्त फसवं, शरीर थंड केलंय, सर्किटमध्ये (मशीनच्या नळ्यांत) आधीच भरलेल्या द्रवाने रक्त पातळ झालंय, तेव्हा हेपॅरिन उतरत असलं तरी एसीटी मस्त 600 दाखवतो!! म्हणून मी दर अर्ध्या तासाने तपासते आणि आकड्यासोबत टेम्परेचरही बघते. नुसत्या सेकंदांवर विसंबणं मला मान्यच नाही.

शेवटी प्रोटामाइन, हेपॅरिनचा उतारा. भूलतज्ज्ञ "प्रोटामाइन सुरू" म्हणाले की माझा हात सकर (जखमेतलं रक्त मशीनमध्ये ओढणारी नळी) बंद करायला, कारण प्रोटामाइन मिसळलेलं रक्त मशीनमध्ये परत आलं तर सर्किटच गोठेल. द्यायचंही हळूहळू, नाहीतर बीपी धाडकन पडतं. हे औषध साल्मन माशापासून काढतात, म्हणून मासे खाऊन अंगावर पित्त उठतं का हे आपल्या गोव्यात तर विचारायलाच हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एनपीएच इन्सुलिन (मधुमेहाच्या इन्सुलिनचा एक प्रकार), त्यातही प्रोटामाइन असतं, रोज घेणाऱ्याला रिॲक्शनचा धोका जास्त. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर ती इन्सुलिनची बाटली बॅगेत टाका आणि भूलतज्ज्ञांना दाखवा, नाव आठवायच्या भानगडीत पडू नका.