तुम्ही विचारलेत म्हणून : आईला रोज इसबगोल द्यावे का?

आहारतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न सतत ऐकावा लागतो, आणि तो बहुधा मुलगा किंवा सून विचारते. जिचे पोट साफ होत नाही ती आई शेजारी गप्प बसलेली असते. द्यायला सहसा हरकत नाही. परंतु मी आधी आईलाच विचारते, की संध्याकाळनंतर तुम्ही पाणी किती पिता?

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींतल्या कितीतरी जणी मग सांगतात, की दिवेलागणीनंतर त्या जेमतेम घोटभर पाणी घेतात, कारण संडास गॅलरीच्या टोकाला असतो, गुडघे दुखतात आणि रात्री कोणाची झोपमोड करायची नसते. सकाळचीही तीच तऱ्हा. चहा पोटात गेला की आतड्यांना चालना मिळते, पण नेमकी तेव्हाच कामावर जाणाऱ्यांची रांग लागलेली असते. आजी थांबतात आणि कळ निघून जाते. मग मोठे आतडे साचलेल्या मलातील पाणी शोषत राहते आणि तो कठीण होतो. इसबगोल पाणी धरून फुगते, हेच त्याचे काम. पाणीच कमी पडले तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. म्हणून ते पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे, इतर गोळ्यांपासून 2 तास दूर ठेवावे, आणि गिळताना ज्यांना ठसका लागतो त्यांना देऊच नये. मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू (अन्नातला न पचणारा चोथा, म्हणजेच फायबर) सांगते, तेही अन्नातून. मात्र कवळी टोचू लागली की ताटातून आधी भाकरी आणि कोशिंबीर जाते व मऊ भात उरतो. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही तंतू नसतात, ज्वारीत सुमारे 10 असतात. त्यामुळे कवळी दुरुस्त करून घेणे हा माझ्या लेखी आहारसल्लाच आहे. तोवर भाकरी आमटीत कुस्करावी, मुगाची उसळ मऊ शिजवावी, पिकलेली पपई द्यावी. कडधान्ये-भाज्यांतील तंतू आतड्यातील जीवाणू आंबवतात व त्यातून ब्युटिरेट तयार होते, जे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. इसबगोल फारसे आंबत नाही, म्हणून ते उसळीची जागा घेऊ शकत नाही. उसळ एकदम वाढवली तर गुबारा धरतो, तेव्हा थोडी थोडी वाढवावी.

औषधांची पिशवीही एकदा उघडून पाहावी, कारण लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांनीही बद्धकोष्ठता होते; मात्र ती परस्पर बंद करू नयेत. आणि तक्रार उतारवयात नव्यानेच सुरू झाली असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर इसबगोलावर आठवडे न घालवता आधी तपासणी करून घ्यावी.