साडेचार फुटी लेथ आणि त्याची झीज

मी सदतीस वर्षे ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमीजास्ती, लिहीत आलो. एखाद्या शाफ्टच्या व्यासापुढे ‘उणे दोन शतांश मिलिमीटर’ असे लिहायला मला काही सेकंद पुरत. ते माप प्रत्यक्ष धरून दाखवणारा टर्नर मात्र अर्धा दिवस मशीनपुढे उभा असे. निवृत्तीनंतर असे एक माप स्वतःच्या हाताने धरून पाहायचे, असे मी मनाशी पक्के केले होते आणि त्यासाठी सांगलीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ज्या मशीनवर टर्नर धातूची कांब फिरवून कापतो तो लेथ आणायचा होता. नवा हलका लेथ घेणे शक्य होते. पण कापताना मशीन थरथरू नये यासाठी बेडला, म्हणजे मशीनच्या बिडाच्या लांब पायाला, वजन लागते आणि माझ्या पैशात तेवढे वजन फक्त जुन्या मशीनमध्येच मिळणार होते.

सांगली, मिरज आणि कोल्हापूर मिळून मी पाच लेथ पाहिले. त्यांतला एक 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाण्याखाली गेलेला होता; त्याच्या हेडस्टॉकमध्ये, म्हणजे काम फिरवणाऱ्या पेटीत, बोट घातल्यावर तेलाऐवजी वाळलेला गाळ हाताला लागला. दुसरा इतका चकचकीत होता की मी त्याच दिवशी विसार देऊन मोकळा होणार होतो. सोबत आलेल्या जुन्या टर्नरमामांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले, “साहेब, रंगाकडं बघू नका. चकाजवळचा बेड बघा, आणि तेलाची भोकं मोजा.” चक म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग. आम्ही भोकं मोजली. सॅडलवरची (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) दोन आणि लीड स्क्रूच्या (आटे कापताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) ब्रॅकेटवरचे एक, अशी तीन छिद्रे ताज्या हिरव्या रंगाखाली पूर्ण बुजलेली होती. विकण्यासाठी मशीन सजवणाऱ्याने त्याच्या पोटात तेल जाण्याची वाट बंद करून टाकली होती. तो लेथ मी घेतला नाही.

शेवटी जो घेतला, तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून पडलेला होता. मालकाच्या मुलाने सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन, बसवल्यामुळे त्याला जागा मोकळी करून हवी होती. लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा, साडेचार फुटी बेडचा. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत 1910 मध्ये सुरू झालेल्या उद्योगाचीच ही पुढची शाखा. तुंगभद्रेच्या काठी हरिहरला 1941 मध्ये ती उभी राहिली आणि त्या नावाचे लेथ पुढे देशभरातल्या वर्कशॉपमध्ये पोहोचले. हा कारखाना आता बंद आहे. त्यामुळे जे भाग झिजले असतील ते स्वतः करावे लागतील किंवा दुसऱ्या जुन्या मशीनमधून काढावे लागतील, हे गृहीत धरूनच मी व्यवहार केला. किंमत 68,000 रुपये ठरली. चार जॉचा चक, लांब कामाला मधे आधार देणारी स्टेडी आणि वेगवेगळे आटे कापण्यासाठी बदलायच्या चेंज गिअरची एक अपुरी पेटी त्यातच आली.

लेथ उचलताना एक चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. लेथचे बहुतेक वजन हेडस्टॉककडे असते, म्हणून पट्टा बेडखालून घेऊन तोल साधावा लागतो आणि लीड स्क्रू व त्याच्या शेजारचा, साध्या कटाच्या वेळी सॅडल चालवणारा फीड रॉड यांना पट्ट्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नसतो. हायड्रा क्रेनने उचलण्याच्या गडबडीत मागचा पट्टा सरकला आणि फीड रॉडवर ताण आला. घरी आल्यावर तो रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून बारीक फरक काट्याने दाखवणारा डायल गेज लावला, तेव्हा मध्यभागी जवळपास पाऊण मिलिमीटर वाक दिसला. हातप्रेसवर थोडे थोडे दाबत तो काढायला माझा एक पूर्ण रविवार गेला. लीड स्क्रू वाचला, हे नशीब.

मशीन शेडमध्ये आल्यावर सर्वात मोठा मोह होता तो सगळे खोलून, घासून, रंगवून टाकण्याचा. मी तसे केले नाही आणि जुना लेथ घेणाऱ्या प्रत्येकाला माझे हेच कळकळीचे सांगणे आहे की पहिले पंधरा दिवस पान्यापेक्षा डायल गेज जास्त वापरा. मशीन जोडलेले असतानाच त्याची झीज बोलते; एकदा भाग सुटे होऊन रॉकेलच्या डब्यात पडले की कोणता ढिलेपणा कुठून येत होता हे शोधणे फार अवघड होऊन बसते.

माझ्या वहीतली पहिली नोंद बेडची आहे. लेथवर बहुतेक कामे आखूड असतात, त्यामुळे सॅडल आयुष्यभर चकापुढच्या फूटभर जागेतच मागेपुढे फिरत राहतो. टेलस्टॉककडचा, म्हणजे कामाला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाकडचा, बेड जवळजवळ नवा राहतो आणि चकाजवळचा झिजून बसतो. बेडच्या सपाट पट्टीवर स्ट्रेट एज ठेवून खाली ठरावीक जाडीच्या पात्यांचा फीलर गेज घातला, तेव्हा चकापासून वीतभर अंतरावर 0.08 मिलिमीटरची पाती आत सरकली, 0.10 ची अडली. हा आकडा पाहून मी खरोखर खचलो. बेड ग्राइंडिंग करून देणाऱ्या एका ठिकाणी चौकशीही करून आलो.

नंतर शांतपणे कागद घेऊन बसलो. 25 मिलिमीटर व्यासाची कांब कापताना टूल मध्यरेषेवरून 0.08 मिलिमीटर खाली उतरले, तर व्यासात येणारा फरक 0.0005 मिलिमीटर, म्हणजे अर्धा मायक्रॉन इतकाच असतो. तेच टूल 0.08 मिलिमीटर आडवे मागे सरकले, तर मात्र व्यास 0.16 मिलिमीटरने वाढतो. याचा अर्थ सपाट पट्टीची उभी झीज डोळ्यांना कितीही खुपली तरी कामाला फारशी बाधत नाही. त्रास देते ती पुढच्या व्ही-वेची, म्हणजे सॅडलला वाट दाखवणाऱ्या उलट्या व्ही आकाराच्या पट्टीची, झीज, कारण ती टूलला आडवे हलवते. शिवाय बेड ग्राइंड केला की सॅडल तेवढाच खाली बसतो आणि त्याच्याबरोबर पुढे लटकणारा एप्रनही खाली जातो. मग एप्रनमधला, लीड स्क्रूला पकडणारा हाफ नट आणि लीड स्क्रू एका रेषेत राहत नाहीत, बेडखालच्या दातेरी रॅकची गाठ ढिली होते, आणि हे सगळे पुन्हा जुळवण्यासाठी सॅडलखाली पट्ट्या चिकटवून त्या स्क्रेप, म्हणजे हाताने खरवडून सपाट, कराव्या लागतात. घरच्या शेडसाठी तो खटाटोप मला योग्य वाटला नाही. बेड आहे तसा ठेवला. त्यावर पॉलिश पेपरही फिरवला नाही, कारण एमरीचा कण एकदा बिडात रुतला की तो पुढे सॅडल खात राहतो. फक्त रॉकेल, कापड आणि हट्टी गंजासाठी धारदार पात्याची सपाट कड, एवढ्यावर भागवले.

दुसरी नोंद टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडची. हँडल उलट फिरवल्यावर स्लाइड हलायला लागेपर्यंत डायलच्या शंभरपैकी 28 रेघा रिकाम्या जात होत्या. गनमेटलचा नट झिजला आहे असे समजून मी तो एकटाच बदलणार होतो. पण हेच मोजमाप स्लाइड अगदी पुढे आणि अगदी मागे नेऊन केले, तेव्हा तिथे 16 रेघाच आल्या. म्हणजे स्क्रूही मधोमध झिजलेला होता. अशा स्क्रूवर नवा नट मध्यभागी नीट बसवला तर तो दोन्ही टोकांना आवळतो, आणि टोकांना बसवला तर मधे ढिला राहतो. त्यामुळे स्क्रू आणि नट ही जोडी एकत्र करून घेतली. टर्नरमामांनी ती त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उभे राहून स्वतः कापली. डावा आटा असल्याने टूल उलट दिशेने चालवावे लागते, हे मी ड्रॉइंगवर शेकडो वेळा लिहिले होते आणि डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आता तिथे 4 रेघांचा ढिलेपणा आहे आणि तो तसाच हवा.

स्लाइडचा खेळ घालवणारी गिब नावाची पट्टी काढल्यावर तिच्या मागे डब्याच्या पत्र्याची दुमडलेली पट्टी निघाली. कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घाईत केलेली ती सोय असावी. गिबच्या एका अंगाला प्रशियन ब्ल्यू हा निळा रंग लावून घासून पाहिले, तर डाग दोन टोकांनाच उमटला. मधला भाग टेकतच नव्हता. स्क्रेपिंग शिकण्यासाठी एवढी लहान पट्टी उत्तम असते. आठ-दहा फेऱ्यांनंतर निळे ठिपके सर्वत्र विखुरलेले दिसू लागले आणि स्लाइडचे हँडल पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकाच जोराने फिरू लागले. या सगळ्या कामात मला सर्वाधिक आनंद त्या संध्याकाळी झाला.

गंजलेले सुटे भाग प्लास्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लटकवून बॅटरी चार्जरने साफ केले. भाग ऋण टोकाला, जुना लोखंडी पत्रा धन टोकाला. स्टेनलेस स्टील मात्र त्या जागी कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन सुटतो म्हणून पिंप अंगणात ठेवावे.

मोटर हा घरगुती शेडचा खरा अडथळा असतो. लेथची मोटर दीड हॉर्सपॉवरची, 415 व्होल्टची थ्री-फेज. घरात सिंगल फेज. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, 230 व्होल्टचे तीन फेज देतो, म्हणून मोटर स्टारऐवजी डेल्टामध्ये जोडावी लागते. मी टर्मिनल बॉक्स उघडला तर बाहेर तीनच वायरी, कारण स्टारची गाठ वाइंडिंगच्या आतच बांधलेली. वाइंडिंगवाल्याने ती गाठ उकलून सहाही टोके बाहेर काढून दिली. व्हीएफडीमुळे वेग बदलणे सोपे झाले, पण एक काळजी घ्यावी लागते: या लेथचा चक स्पिंडलवर, म्हणजे हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्यावर, आट्यानेच बसतो, त्यामुळे मोटर झटक्याने थांबवली किंवा उलट फिरवली तर जड चक स्वतःच्या फिरत्या जोराने सुटून निघू शकतो. म्हणून थांबण्याची वेळ मी सहा सेकंदांवर ठेवली आहे.

स्पिंडलच्या बेअरिंगचा नट आवळताना माझी स्वतःची चूक झाली. खेळ पूर्ण घालवण्याच्या नादात तो जास्त आवळला आणि दहा मिनिटांत हेडस्टॉक हात ठेववेना इतका तापला. नट थोडा मागे घेऊन, तासभर चालवून, पुन्हा तपासत चौथ्या प्रयत्नात तो जुळला.

चेंज गिअरच्या पेटीत 127 दात्यांचा गिअर नव्हता. या लेथचा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा आहे, आणि एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर असल्याने मेट्रिक आटे अचूक कापण्यासाठी 25.4 ची पाचपट असलेला तो 127 चा गिअर लागतो. मूळ संख्या असल्यामुळे तो साध्या इंडेक्सिंगने पाडताही येत नाही. पेटीत 63 दात्यांचा एक गिअर होता आणि हिशेब केल्यावर तोच पुरेसा ठरला: 6.35 मिलिमीटरला 63 ने गुणून 160 ने भागले की 2.5003 येतात. शंभर मिलिमीटर लांबीच्या आट्यात फरक जेमतेम सव्वा शतांश मिलिमीटर पडतो. मात्र इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटा कापताना हाफ नट मधे उघडायचा नसतो. टूल बाहेर काढून मशीन उलट फिरवूनच मागे यावे लागते, आणि तिथे तो सावकाश थांबणारा व्हीएफडी उपयोगी पडतो.

शेवटचे मोठे काम लेव्हल करण्याचे. बिडाचा एवढा जाड बेड पिळला जाईल हे पटत नाही, पण पायाखाली एक कागद सरकवला तरी तो पिळला जातो. मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणाऱ्या स्पिरिट लेव्हलने आधी बसवून घेतले. मग 40 मिलिमीटरची कांब चकात धरली, टेलस्टॉकचा आधार न देता तिच्यावर तीन पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये हलक्या हाताने कापल्या आणि मायक्रोमीटर लावला. बाहेरची पट्टी चकाजवळच्या पट्टीपेक्षा 0.06 मिलिमीटर मोठी आली. म्हणजे टूल पुढे जाता जाता अक्षापासून दूर सरत होते. टेलस्टॉककडचा पुढचा पाय शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून किंचित उचलला की बेडचा माथा मागे कलतो आणि टूल अक्षाकडे येते. तीन शिमांनंतर दोन्ही टोकांमधला फरक 150 मिलिमीटरमध्ये 0.01 वर आला. मधली पट्टी अजून 0.015 मोठी राहते. ही चकापुढच्या व्ही-वेची झीज आहे. ती मला माहीत आहे आणि लांब काम आले तर तिच्यासाठी शेवटचा कट कुठे थोडा वाढवायचा, हे आता वहीत लिहिलेले आहे.

त्यानंतर मग रंग. जुना थर खरवडला, खड्ड्यांत लांबी भरली, रेड ऑक्साईडचा एक हात आणि वर करडा रंग दिला. रंगापूर्वी सतराही तेलाची छिद्रे मोजून त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि रंग वाळल्यावर त्या एकेक करून काढल्या.

गेल्या आठवड्यात शेजारच्या शेतातल्या पंपाचे बुश केले. आतला व्यास 30 मिलिमीटर, टॉलरन्स अधिक दोन शतांश. तिसऱ्या बुशला माप धरले गेले. टेलस्टॉक मात्र अजून 0.04 मिलिमीटर खाली आहे. त्याच्या तळाखाली घालायचा पितळी शिम कापून ठेवला आहे आणि टर्नरमामा रविवारी येतो म्हणाले आहेत.