क्वालिटीची पट्टी बघा, स्ट्रेंग्थची नको

नात्यात कुणाकडे डिश बसवायची असली की मला बोलावणं येतं. मी आधी ओळंबा काढतो. खांब जरा जरी कलला असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिचा वरखाली कोनही बदलत जातो आणि मग कशाने काय बिघडलं ते कळत नाही. खांब सरळ असेल तर निम्मं काम झालंच.

डिशचं तोंड बघून उपग्रहाचा अंदाज बांधू नका. घरगुती डिश बहुधा ऑफसेट असते, म्हणजे ती दिसते त्यापेक्षा बरंच वर बघत असते. मागच्या ब्रॅकेटवरचे अंश वाचा.

आता पट्ट्या. रिसीव्हरच्या मेनूत स्ट्रेंग्थ भरलेली दिसली की लोक नट आवळून मोकळे होतात. पण एलएनबीला (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून वाढवणारा डबा) वीज मिळाली की ती रिकाम्या आकाशाचा आणि स्वतःचा गोंगाटही वाढवून खाली पाठवते, त्यामुळे ती पट्टी उपग्रहाविनाही भरते. क्वालिटी मात्र खरा सिग्नल सापडल्यावरच हलते. ६० सेंमीच्या डिशची नजर केयू बँडमध्ये (घरगुती डिश वापरते त्या लहरींच्या पट्ट्यात) जेमतेम अडीच-तीन अंशांची. म्हणून अगदी थोडं सरकवा, थांबा, रिसीव्हरला सिग्नल पकडू द्या. क्वालिटी दोन्ही बाजूंना कुठे पडते ते बघून मधोमध या. नट आवळतानाही नजर पट्टीवरच हवी, कारण आवळताना डिश हमखास सरकते.

मामेबहिणीकडे मात्र वेगळंच होतं. काही चॅनेल स्वच्छ, काही अजिबात नाहीत. तिने रिसीव्हर बदलायची तयारी केली होती. गेलेल्या चॅनेलची यादी मेनूशी ताडून पाहिली, तर सगळी आडव्या ध्रुवीकरणाची निघाली, म्हणजे ज्यांच्या लहरी आडव्या डोलतात अशी; बाकीच्यांच्या उभ्या. रिसीव्हर एलएनबीला उभ्यासाठी साधारण १३ आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट पाठवतो. वाटेत जोड खराब असेल तर १८ चे १८ वर पोहोचत नाहीत आणि एलएनबी उभ्यावरच राहते. रिसीव्हरचा प्लग काढून एलएनबीजवळचा कनेक्टर उघडला. केबलच्या मधली तांब्याची तार हिरवी, तिच्याभोवतीची धातूची जाळी काळी, आत ओल. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापली आणि नवा कनेक्टर लावला. जाळीचा एकही धागा मधल्या तारेला टेकू द्यायचा नाही, हे मी दोनदा बघतो. वरून पाणी रोखणारी टेप आणि केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथूनच ठिबकतं. सगळी चॅनेल परत आली. रिसीव्हर जुनाच आहे.

मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस ठरावीक वेळी चित्र काही मिनिटं जातं. सूर्य तेव्हा बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. जोराच्या पावसातही सिग्नल असाच जातो. दोन्ही वेळी डिशला हात लावू नका. वादळवाऱ्यानंतर मात्र नट तपासा आणि एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलंय का ते बघा. तडकलं असेल तर पाणी आत जायच्या आधीच ती बदला.