तुम्ही विचारलंत म्हणून: डोकं दुखत नसताना मायग्रेन कसं?

"दर वेळी काहीतरी वेगळंच सांगतेस. कधी डोळ्यांपुढे चमकतं, कधी चक्कर, कधी मुंग्या. आणि परवा तर डोकं दुखतच नव्हतं, मग मायग्रेन कसं?" ऑफिसात, लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात मला हेच विचारतात. आता एकदा नीट सांगते.

तुम्हाला माहीत असलेली अर्धशिशी म्हणजे बहुतेकांना होणारं, ऑरा (डोळ्यांपुढे चमकणं, मुंग्या, बोलताना अडखळणं अशी थोडा वेळ येऊन जाणारी लक्षणं) नसलेलं मायग्रेन. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, जिना चढला तरी कळ वाढते. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास. तेही मला होतं. पण काही वेळा आधी ऑरा येतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर अशी सरकते आणि जिथे पोचते त्या भागाचं काम विस्कटतं. ब्राझीलच्या लेआंव या शास्त्रज्ञांनी १९४४ साली सशांच्या मेंदूत ती नोंदवली होती. मी गोष्टी बदलून सांगत नाही हो, लक्षणंच सरकतात.

दादरहून संध्याकाळची स्लो लोकल, लेडीज डबा, नशिबाने बसायला जागा. माटुंग्याला उजवीकडे करवतीच्या दात्यांसारखी एक चकाकती रेघ दिसायला लागली. एकेक डोळा मिटून पाहिला, दोन्हींत तीच. कुर्ल्यापर्यंत उजव्या बोटांत मुंग्या, मग कोपर, मग ओठ. तेवढ्यात समोर उभ्या बाईंनी विचारलं, "कुठे उतरणार?" मुलुंड. नाव मनात लख्ख होतं, तोंडातून निघालं "उद्या". पुन्हा बोलायला गेले, पुन्हा "उद्या". "थट्टा करता का?" म्हणून त्या चिडल्या. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. त्यांनीच आणखी एकीला सोबत घेऊन मला घाटकोपरला उतरवलं, रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. वाटेत त्या माझं नाव विचारत होत्या आणि मला तेही सांगता येत नव्हतं. कळत मात्र सगळं होतं.

डॉक्टरांनी पक्षाघात धरूनच धावपळ केली, आणि तेच योग्य होतं. असं पहिल्यांदा झालं तर घरी बसून मायग्रेन ठरवू नका, तडक हॉस्पिटल गाठा. वाचा परतल्यावर त्यांनी विचारलं, सगळं एकदम झालं की पसरत गेलं? पक्षाघात बहुधा एकाएकी येतो. ऑरा हळूहळू पसरतो, एकेक लक्षण साधारण ५ ते ६० मिनिटं राहतं आणि जातं. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. रात्रभर डोकं फुटत होतं.

दुसऱ्या दिवशी घरात निकाल लागला: "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग टेन्शनच ते." अहो, एमआरआय दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात, मायग्रेन त्यात दिसत नाही! पण खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, एखादा डाग दिसला असता तर बरं झालं असतं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, डाग म्हणजे काय, कळतं का तुला? आणि रजेचा अर्ज लिहायची वेळ आली की तिचंच म्हणणं पटतं.

तर परवाचं. ऑरा येऊन डोकं न दुखणं, हाही मायग्रेनचाच प्रकार. माझी चक्कर व्हेस्टिब्युलर मायग्रेनची, म्हणजे चक्कर हेच मुख्य लक्षण असलेल्या मायग्रेनची असावी, असं डॉक्टरांना वाटतं. मला अजून खात्री नाही. "एवढे प्रकार कशाला हवेत?" असंही विचारून झालंय. कारण ऑरा असणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि "मग रोज एक पेनकिलर घे की" म्हणणाऱ्यांसाठी: महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त साधी वेदनाशामक गोळी महिनोनमहिने घेतली, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं.

झटके कमी व्हावेत म्हणून टोपिरामेट सुचवलंय. त्याने काहींना बोटांत मुंग्या येतात, शब्द सुचायला अडखळायला होतं. मग ते औषधाचं की ऑराचं, हे मला लोकलमध्ये बसून कसं कळायचं? डॉक्टर म्हणतात, कळेल. चिठ्ठी पर्समध्ये आहे, औषध अजून घेतलेलं नाही.