तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी चालू असताना हाड मोडलंच कसं?

मी बायोलॉजी शिकवते म्हटलं की सोलापुरात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, आई रोज कॅल्शियमची गोळी घेते, तरी हाड मोडलंच कसं?" मला हा प्रश्न माझ्या आईमुळे पडला. तीस वर्षं विड्या वळल्या तिने, मांडीवर सूप, हातात कात्री, सकाळी बसली की थेट संध्याकाळी उठायची, आणि बासष्टाव्या वर्षी मोरीत नुसता पाय घसरला, हात टेकला तर मनगट गेलं.

बघा, कॅल्शियम म्हणजे विटा. विटा आणून टाकल्या पण गवंडी कामावरच नाही, तर भिंत कोण बांधणार? हाडात रोज पाडकाम आणि बांधकाम दोन्ही चालू असतं, मोठ्या माणसाचा साधारण १० टक्के सांगाडा दरवर्षी नवा होतो. पाडणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, त्यांना 'या कामावर' असा निरोप देणारं प्रोटीन म्हणजे रँक-एल. तो निरोप वाटेतच धरून ठेवणारं दुसरं प्रोटीन आहे, ऑस्टिओप्रोटेजेरिन, ते १९९७ साली सापडलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, मग रँक-एल वाढतं, त्याला धरणारं कमी पडतं आणि पाडकाम बांधकामाच्या पुढे जातं. बायकांची हाडं पन्नाशीनंतर भराभर झिजतात ती यामुळे.

बांधकामाचा निरोप वेगळा, त्याला विंट म्हणतात. हाडाच्या आत अडकून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन सोडून तो अडवतात. पण आपण चाललो, जिना चढलो, वजन उचललं की त्यांना भार कळतो, स्क्लेरोस्टिन कमी होतं आणि गवंडी, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी, कामाला लागतात. हे वाचलं तेव्हा मला आईचं ते दिवसभर मांडी घालून बसणंच आठवलं, खरंच गलबलून आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत स्क्लेरोस्टिनचा जीनच बिघडलेला असतो, त्यांची हाडं इतकी दाट की सहसा मोडत नाहीत (पण कवटी जाड होऊन नसा दाबल्या जातात, तो त्रास भयंकर). त्यावरूनच स्क्लेरोस्टिनला अडवणारं रोमोसोझुमॅब औषध निघालं, अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं.

म्हणून गोळी बंद करा असं मी म्हणत नाही हां, विटा लागतातच. आईला डॉक्टरांनी डेनोसुमॅब दिलंय, रँक-एलला धरणारं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी. ते मधेच सोडलं तर थोपवलेलं पाडकाम एकदम उसळतं, मणके मोडू शकतात, त्यामुळे पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने मीच लिहून ठेवलीय आणि संध्याकाळी तिला घेऊन तलावाच्या कडेने सिद्धेश्वरापर्यंत चालत जाते.