बंद पडलेला एच६१ डेस्कटॉप: तपास जांभळ्या तारेपर्यंत

मशीन: एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), तिसऱ्या पिढीचा आय३, डीडीआर३ ची ४ जीबीची एक पट्टी, ४५० वॅटचा साधा एसएमपीएस (लाईनवरून मशीनला लागणारे कमी व्होल्ट देणारा डबा). तक्रार: बटण दाबलं तरी पंखा हलत नाही, बीप नाही. बोर्डावरचा स्टँडबायचा हिरवा दिवा लागतो, पण मंद.

आधी लाईन. रब्बीत डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) शेतपंपांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की खेड्यात व्होल्टेज बसतं, म्हणून सॉकेटवर दोन वेळा मोजलं: सकाळी २२४, मोटारी चालू असताना १८१. दुसरा आकडा साध्या एसएमपीएससाठी अगदी काठावरचा आहे. पण मशीन सकाळीही उठत नाही, म्हणजे दोष नुसत्या लाईनचा नाही. यूपीएस वगळून प्लग थेट लावला. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मेली की काही यूपीएस लाईन असूनही चालू होत नाहीत. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चं लाल सरकतं बटण असेल तर ते २३० वरच आहे ना, तेही बघून घ्यावं. ११५ वर असताना आपल्याकडच्या लाईनला जोडलं तर आवाज करूनच जातो.

कॅबिनेटचं बटण पावसाळ्यात गंजतं. त्याच्या तारा जिथे लागतात त्या बोर्डावरच्या फ्रंट पॅनलच्या ६ आणि ८ नंबरच्या पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. फरक नाही, म्हणजे बटण निर्दोष.

एसएमपीएस बोर्डापासून सोडवून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडली; बोर्डाशिवाय एसएमपीएस असा चालू करता येतो. पंखा फिरला, पिवळीवर १२.१, लालवर ५.०६, नारिंगीवर ३.३२ व्होल्ट. इथेच ‘एसएमपीएस चांगला, बोर्ड गेला’ असा निकाल दिला जातो आणि धडधाकट बोर्ड भंगारात जातात. या चाचणीत एसएमपीएसवर भारच नसतो, आणि जांभळ्या तारेकडे कोणी बघत नाही.

जांभळी तार म्हणजे स्टँडबायचे ५ व्होल्ट. प्लग लावल्यापासून ते सतत असतात, आणि बटण ओळखून हिरवी तार शून्याकडे ओढून एसएमपीएस चालू करणारं बोर्डावरचं सर्किट त्यांच्यावरच चालतं. हद्द ४.७५ ते ५.२५. मोकळ्या कनेक्टरवर ५.०२ मिळाले, बोर्ड जोडल्यावर ४.१, आणि बटण दाबताच ३.४. हिरवी तार क्षणभर शून्याकडे जाते आणि लगेच परत वर येते. (ती खाली जाऊन तिथेच राहिली आणि तरी पंखा फिरला नाही, तर संशय एसएमपीएसच्या मुख्य भागावर. जांभळी ठीक असून हिरवी हललीच नाही, तर बोर्डावर.)

आता हे व्होल्टेज बोर्डच तर खात नाही ना? बोर्ड बाजूला ठेवून जांभळ्या-काळ्यामध्ये १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावला. अर्ध्या अँपियरच्या भारालाच ३.९ वर आलं. बोर्ड निर्दोष सुटला, दोष एसएमपीएसचा. रेझिस्टर तापतो, हातात धरू नये.

उघडण्याआधी प्लग काढा. वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरांच्या जोडीवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही उरतो. २.२ किलोओहम १० वॅटच्या रेझिस्टरने तो उतरवून, मीटरवर ५ व्होल्टच्या खाली दिसल्यावरच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नये. मजा वाटते, पण पीसीबीवरचा (आतल्या सर्किटच्या पाटीवरचा) तांब्याचा पट्टा उडतो.

आत जिनिंगच्या बाजूच्या गावात असतो तसा सरकीचा भुरका थर. स्टँडबायच्या आउटपुटचा १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा कपॅसिटर थोडा फुगलेला. त्याहून लबाड निघाला छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचा २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा: दिसायला नवा, काढून मोजला तर ६. मशीन बंद असलं तरी हा भाग प्लग असेपर्यंत तापतच राहतो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) खोलीच ४० च्या पुढे, वर धुळीचं पांघरूण, आणि कपॅसिटर ८५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठीचे. आणखी काय व्हायचं!

नवे घातले ते १०५ अंशांचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले): १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट आणि २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट वाढला तरी चालतो, पण जाडी जागेत बसते का ते दुकानातच बघा. उणे बाजूची पट्टी उलटी लागली तर सगळी मेहनत धुरात.

पहिली लाईन १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून (लाईनच्या वाटेतच जोडलेल्या साध्या बल्बमधून) दिली. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. भारासह जांभळी ५.०१. बोर्ड जोडला, मशीन उठलं. घड्याळ मागे पडलेलं होतं, ते चालवणाऱ्या बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलवर ३ च्या जागी २.३ व्होल्ट, तोही बदलला.

अर्थिंगचं काम अजून बाकी. कॅबिनेट आणि अर्थ यांच्यात १०८ व्होल्ट दाखवतंय, हाताला झिणझिण्या येतात. अर्थ सुटलेला असला की एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटला लाईनच्या निम्म्या व्होल्टेजवर धरून ठेवतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडला सोडते, म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडायचं आणि न्यूट्रल-अर्थमधला फरक ५ व्होल्टच्या आत येतो का ते बघायचं. त्यानंतर दुपारी मोटारी चालू असताना जांभळीवरचा आकडा पुन्हा घ्यायचा आहे.